शेनिलचा कंटाळा, जाळीचं वेड

आज बराच वेळ रील्स बघण्यात गेला आणि परत तेच जाणवलं, की सध्या क्रोशेमध्ये आधी लोकर ठरते आणि डिझाईन मग तिच्या मागे मागे येतं. जाड मखमली शेनिल घ्यायची, मोठी सुई घ्यायची, की एका बैठकीत गुबगुबीत मधमाशी नाहीतर ऑक्टोपस तयार. फोनवर दिसतं पण कसलं गोड, खोटं कशाला बोलू.

पण विणणाऱ्याला विचारा ना जरा! शेनिलमध्ये आत बारीक दोऱ्यांचा पीळ असतो आणि त्या पिळात आखूड तंतूंची लव नुसती चिमटीत धरल्यासारखी अडकवलेली असते, त्यामुळे टाका डोळ्यांना दिसतच नाही, बोटाने चाचपत पुढचं भोक शोधायचं आणि मुका खांब (म्हणजे क्रोशेचा आखूड टाका) तिथेच पडला असं समजून पुढे जायचं. उसवायला गेलं की लव गळते, दोन-तीनदा उसवलं तर हातात नुसता बोडका दोरा. मॅजिक रिंग, म्हणजे सुरुवातीचा ओढून घट्ट करायचा फास, जोरात ओढली तर दोरा तुटू शकतो, म्हणून मी सरळ दोन साखळ्या घालून पहिल्या साखळीतच सहा मुके खांब घेते, काम तेच होतं. या बाहुल्यांमधलं नो-सू प्रकरण मात्र मला मनापासून आवडलंय. हातपाय आधी करून ठेवायचे आणि धड विणता विणता त्यातच गुंतवून घ्यायचे, शेवटी सुईदोरा घेऊन कान सरळ लागलेत की तिरके हे बघत बसायला नको.

खरं वेड सध्या फिलेचं आहे, म्हणजे आपली जाळी. खांब (म्हणजे उंच टाका), दोन साखळ्या, खांब अशी रिकामी चौकट आणि साखळ्यांच्या जागी खांब घातले की भरलेली चौकट, एवढ्याच दोन गोष्टींवर गुलाब, चेरी, फुलपाखरं, अक्षरं काय वाट्टेल ते. पूर्वी टेबलक्लॉथ आणि पडद्यांत अडकलेला हा प्रकार आता टॉप आणि स्कार्फवर आलाय. गंमत म्हणजे ग्राफ पेपरवर चौकोन चौरस असतो आणि हातात येताना बऱ्याचदा उभट येतो, प्रत्येकाचा खांब वेगळ्या उंचीचा, त्यामुळे गोल चेहरा काढला की लांबुडका होतो. आधी छोटा तुकडा विणून मोजायचा, नाहीतर सुईचा नंबर बदलायचा. इथे शेनिल चालतच नाही, सगळी जाळी बुजून जाते. मर्सराइज्ड कॉटनच हवं. जॉन मर्सर या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८४४ च्या सुमारास सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया शोधली, नंतर सूत ताणून धरून तीच प्रक्रिया करायला लागले तेव्हा त्याला चकाकी आली, आणि आज जाळीचा एकेक खांब सुटा दिसतो तो त्याच गुळगुळीतपणामुळे. फक्त कॉटन जड असतं, लांब ड्रेस घातल्यावर खाली लोंबतो, त्यामुळे मी तरी टॉपपर्यंतच थांबेन.

ग्रॅनी स्क्वेअर, म्हणजे मधून सुरू करून बाहेर विणत नेलेला चौकोनी तुकडा, तर जायचं नावच घेत नाही. १८८५ साली एका अमेरिकन शेतीविषयक मासिकात छापून आलेला नमुना म्हणे, आणि अजून त्याचे कार्डिगन चालूच. तपकिरी-केशरी रंगात नको मात्र, प्लीज.

आणि हो, दुकानात क्रोशे टॉप अगदी स्वस्त दिसला की माझं डोकं फिरतं. कापडाच्या कारखान्यात धडधड खराखुरा क्रोशे करणारं मशीन नाहीये, लोकांना हे माहीतच नसतं. म्हणजे एकतर ते मशीनवर विणलेलं क्रोशेसारखं दिसणारं कापड असतं, नाहीतर कोणीतरी बाईने तासन् तास बसून हाताने केलेलं असतं आणि तिला किती मिळाले असतील ते त्या किमतीवरूनच कळतं. एआयच्या फोटोंचं तर बोलायलाच नको, टाके कुठून निघतात कुठे जातात पत्ता नाही आणि खाली "पॅटर्न विकत घ्या".

उद्या चेरीची जाळी सुरू करतेय, पांढऱ्या कॉटनमध्ये, पावणेदोन मिलिमीटरची सुई. डोळ्यांची वाट लागणार आहे, पण टाके तरी दिसतील.