भारती स्टेशनचा नकाशा आणि आमच्या घराचे खांब

2019 च्या ऑगस्टमधे आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, त्या वर्षी ती 55 च्या पुढं गेली, मग 2021 ला परत तेच. भिंतीवरची चिखलाची रेघ दोनदा रंग देऊनही जात नाही, ओल बरोबर तिथपर्यंत चढते. आता घर पाडून नवं बांधायचंय आणि इंजिनिअर म्हणाले खाली नुसते खांब ठेवा, गाड्या लावा, पाणी आलं तर खालनं निघून जाईल. त्या खांबांच्या नादात मी अंटार्क्टिकातल्या स्टेशनांचे नकाशे बघायला लागलो आणि आता महिना झाला, रात्री जेवण झालं की तेच चालू आहे.

तिथं पाण्याच्या जागी बर्फ. वाऱ्याबरोबर भुरभुरत येणारा बर्फ कशालाही अडला की तिथंच साचतो आणि ढिगारा वाढत जातो. आपलं पहिलं स्टेशन दक्षिण गंगोत्री असंच बर्फाखाली गाडलं गेलं, 1990 मधे बंद करावं लागलं. म्हणून आपली पुढची स्टेशनं, मैत्री आणि 2012 चं भारती, दोन्ही खडकावर आणि खांबांवर आहेत, वारा खालनं सुसाट जातो आणि बर्फ सोबत घेऊन जातो. दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकन स्टेशनची तर वाऱ्याकडची कड मुद्दाम तिरकी आहे, म्हणजे खाली वाऱ्याचा वेग वाढतो, आणि तरीही बर्फ चढलाच तर अख्खी इमारत जॅकनं वर उचलायची सोय आहे. हे वाचलं तेव्हा मी खरंच उठून बसलो.

भारती 134 कंटेनरची आहे. सामान ज्या कंटेनरमधनं जहाजानं गेलं तेच एकमेकांवर रचून इमारतीचा सांगाडा केला आणि बाहेरनं थंडी अडवणारं कवच घातलं, कारण बांधकामाला तिथला उन्हाळा तेवढाच मिळतो. खालच्या मजल्यावर जनरेटर, वर्कशॉप, लॅब, गोदाम. वर झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, जेवायची जागा, लायब्ररी, छोटं ऑपरेशन थिएटरसुद्धा. जनरेटरची उष्णता वाया घालवत नाहीत, तिच्यावरच खोल्या उबदार राहतात. हे मला सगळ्यात आवडलं.

तिथं सगळ्यात मोठी भीती आगीची. हवा कोरडी, वारा जोराचा, पाणी गोठलेलं. 2012 च्या फेब्रुवारीत ब्राझीलचं स्टेशन जळालं, आग जनरेटरच्या खोलीत लागली, दोन माणसं गेली. ब्रिटिशांच्या हॅली स्टेशनमधे तर सुट्टे डबे जोडलेत, एक भाग गेला तरी दुसऱ्यात माणसं जगतील असे, आणि पायांना स्की आहेत. बर्फाला मोठी भेग पडली तेव्हा सगळे डबे ओढून 23 किलोमीटर लांब नेले.

हे सगळं आईला सांगत होतो, ती तांदूळ निवडत ऐकत होती. म्हणाली, "ते राहू दे, मीटर आणि इन्व्हर्टर कुठं लावणार हायस? गेल्या दोन्ही वेळंला पयलं तेच बुडालं." मी नकाशा काढला. मीटर जिन्याच्या पहिल्या वळणावर, रेघेपासनं चार फूट वर. आईनं पेन्सिल घेऊन त्याच्या शेजारी धान्याच्या पिंपांसाठी चौकोन काढला.