वरचं ऑईल

"ऑईल अजून चांगलं आहे, चालू दे," असं जुलैत त्या टिपरच्या मालकाला मीच सांगितलं होतं.

गाडी वाघोलीच्या खाणीतली. पावसाळ्यात खाणीच्या तळाला पाणी साचतं आणि भरलेली गाडी एक्सल बुडेपर्यंत त्यातून खेपा मारते. तक्रार एवढीच की मागच्या डाव्या हबमधून ऑईल पाझरून ब्रेकचे लायनर भिजलेत. सील बदललं, लायनर टाकले. मालक म्हणाला, "डिफ्रन्सलचं ऑईलपण बदलू का?" म्हणजे मागच्या एक्सलच्या मधल्या गिअरांचं. सर्व्हिस कार्डावर 40,000 किलोमीटरचा हिशेब, गाडी 22,000 वर. लेव्हल प्लग काढला, बोट घातलं, चोळून पाहिलं. कचकच नाही, रंग बरा, नव्वद नंबरच्या गिअर ऑईलचा तो गंधकी वास. गाडी रात्रभर गॅरेजात उभी होती, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. पाणी तळाला बसतं. मी बोट घातलं ते वर.

ऑगस्ट संपता संपता ड्रायव्हर आला. "मिस्त्री, गाडी रडतेय. रेस दिली की जास्त." म्हणजे पिनियनचं, डिफ्रन्सलमधल्या छोट्या गिअरचं, बेरिंग. सकाळी ड्रेन प्लग सैल केला तर आधी पेलाभर गढूळ पाणी आलं, मग चहासारखं दुधाळ ऑईल. प्लगच्या मॅग्नेटवर काळा मलम जमतोच, त्याला कोणी घाबरत नाही. इथे तांदळाच्या कणीएवढे तुकडे चिकटले होते. गुल्ला, म्हणजे डिफ्रन्सलचा अख्खा गोळा, उतरवला. बेरिंगच्या रोलरवर गंजाचे खड्डे.

मग एक्सलच्या हाऊसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा ये-जा करायची वाट, काढला. अंगठ्याएवढी वस्तू, आत खडीच्या भुकटीचं सिमेंट झालेलं. चढावर एक्सल तापला की आतली हवा फुगते. वाट बंद म्हणून सीलमधून ऑईल बाहेर ढकलते. तोच तापलेला एक्सल पाण्यात उतरला की हवा आकसते आणि त्याच सीलमधून पाणी आत ओढते. जुलैतलं पाझरणं सीलचं दुखणं नव्हतंच. मी नवं सील घालून मोकळा झालो होतो.

कार्ड छापणाऱ्याला खाण माहीत नसते, आणि बरेच मालक हॉर्न-गोंड्यांना पैसे काढतात, ऑईलचं नाव काढलं की कार्ड दाखवतात. पण या माणसाने आपणहून विचारलं होतं.

आता खाणीची गाडी आली की आधी ब्रीदर फुंकून बघतो. मग उभ्या गाडीचा ड्रेन प्लग दोन आटे सैल करून तळाचा थेंब घेतो, गरम सायलेन्सरवर टाकतो. चर्र वाजला की पाणी. किलोमीटर नंतर विचारतो.

त्या बिलात मजुरी धरली नाही. मालकाने कारण विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.