कान चोळला की झोपते

3 जानेवारीला आमच्या चिमीला सावित्रीबाई व्हायचं होतं. दुसरीच्या वर्गात आधीच सहा सावित्रीबाई होत्या, तरीही. माझ्या आईने स्वतःची जुनी इरकल काढली, मधोमध दुमडून, पिना लावून तिला नेसवली, आडवं कुंकू रेखलं. पाच ओळी पाठ करून घ्यायचं काम माझ्याकडे. चिमी चौथ्या ओळीशी सारखी थांबायची. ‘त्यांनी यशवंत या मुलाला दत्तक घेतले.’ मला वाटलं, विसरतेय.

“बाबा, म्हणजे यशवंत माझ्यासारखा?”

“हो.”

“मग त्याला आणायला ते ट्रेनने गेले होते?”

ट्रेनची गरज नव्हती, म्हटलं. काशीबाई नावाची एक विधवा फुल्यांच्या आश्रयाला आली, तिथेच बाळंत झाली आणि 1874 मध्ये ते बाळ या दोघांनी आपलं म्हणून घेतलं. पुढे तो डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई रुग्णांची सेवा करत होत्या, तेव्हा तोही त्यांच्या सोबत होता. चिमीला यातलं काही फारसं नको होतं. ती म्हणाली, “आणि त्याला त्यांनी सांगितलं कधी?” याचं उत्तर शाळेच्या पुस्तकात नसतं.

माझी स्वतःची ‘दत्तक’ या शब्दाशी ओळख झाली ती डलहौसीमुळे. दत्तक वारस नामंजूर, संस्थान खालसा. 1848 ला सातारा, मग झाशी, नागपूर. त्यामुळे दत्तक म्हटलं की डोळ्यांपुढे गादी, वारस आणि अर्थातच मुलगा. आम्ही विषय काढला तेव्हा आईही हेच म्हणाली. “दत्तक घ्यायला आपल्याकडे आहे काय? राजापूरची चार कलमं?” आणि मग दबक्या आवाजात, “रक्त कुणाचं, कुठलं, काही कळतं का?”

माझी बायको देवगडची. ती म्हणाली, “आई, तुमची कलमं तरी कशावर बांधलीत? रायवळाच्या रोपावरच ना?”

“मला आंबे शिकवू नकोस,” म्हणून आई आत गेली. तो विषय मग महिनाभर बंद.

आम्ही इथवर कसे आलो ते थोडक्यात. लग्नाला सात वर्षं, टेस्ट ट्यूबचे दोन प्रयत्न, पीएफ निम्मा. डॉक्टर तिसऱ्या प्रयत्नाला तयार होते. दवाखान्यातून निघालो आणि दादरच्या पुलावर, त्या गर्दीत, बायको थांबली. मागून लोक ढकलतायत. म्हणाली, “मला मूल हवंय. गरोदर राहायचंय असं मी कधी म्हटलं होतं?” मला तरी आठवेना. तोवर मूल आणि गरोदरपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

नंतर इच्छुक पालकांच्या एका बैठकीला गेलो. तिथे एकेचाळीस वर्षांची एक शिक्षिका होती, लग्न न केलेली, न करणारी. ठाण्याचं एक जोडपं नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आलं होतं, त्यांना दुसरं मूल दत्तकच हवं होतं. एक जोडपं तर डॉक्टरकडे कधी गेलंच नव्हतं. ‘पुण्य मिळावं म्हणून’ असं म्हणणारं तिथे कुणी भेटलं नाही. पुण्याचा हिशेब बिल्डिंगमधले करतात. आजही लिफ्टमध्ये कुणी ना कुणी म्हणतं, “मोठं काम केलंत हो, पोरीचं नशीब काढलंत.” मी मान हलवतो आणि सातव्या मजल्याची वाट बघतो.

एक नातेवाईक फार मदतीला आला होता. त्याच्या ओळखीचं एक प्रसूतिगृह होतं. म्हणे पैसे भरा, बाळ थेट घरी, जन्मदाखल्यावरही तुमचीच नावं, दत्तकाची भानगडच नको. नीट सांगतो, कारण असे नातेवाईक सगळ्यांना असतात. हा गुन्हा आहे. घेणाऱ्याचाही. बाल न्याय कायद्यात त्याला कैद आहे, आणि ते बाळ कुणाकडून कसं आणलंय हे आपल्याला कधीच कळत नाही. मी त्याचा फोन घेणं बंद केलं.

रीतसर रस्ता म्हणजे कारा, दत्तकासाठीचं दिल्लीचं केंद्रीय प्राधिकरण. ऑनलाइन नोंदणी, कागदपत्रं, मग गृहभेट. समाजसेविका ताई आमच्या विक्रोळीच्या घरी आल्या. आई मुद्दाम स्वयंपाकघरात, भांड्यांचा आवाज करत. ताई सरळ आत गेल्या आणि तिथल्याच पाटावर बसल्या. “आजी, तुमची भीती काय आहे ते मला सांगा.” आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “मी लळा लावीन. आणि मोठी झाल्यावर ती म्हणेल, तू माझी कोण?” रक्ताबिक्ताचं सगळं बाजूलाच होतं तर. ताईंनी अहवालात काय लिहिलं देव जाणे, पण त्यात आईच्या सांदणांचा उल्लेख असणार.

मग वाट बघणं. आमची दोन वर्षं गेली, आता त्याहून जास्त लागतात. मूल आपण निवडत नाही. यादीत नंबर लागला की एका बाळाचा फोटो, माहिती आणि वैद्यकीय अहवाल येतो, आणि ते बाळ राखून ठेवायला 48 तास. फोटोत डोक्यावर विरळ केस, कपाळावर तिरकी तीट, चेहऱ्यावर कमालीची नाराजी. जन्माचं वजन 1.8 किलो. आमचे बालरोगतज्ज्ञ अहवाल दोनदा वाचून म्हणाले, “अशक्त आहे, खाऊपिऊ घाला.” आम्ही सतराव्या तासाला हो म्हटलं.

2019 च्या फेब्रुवारीत विदर्भातल्या एका संस्थेत गेलो. अकरा महिन्यांची चिमी एका मावशींच्या कडेवर होती. सही-शिक्के झाल्यावर मावशींनी तिला बायकोकडे दिलं, गोधडी दिली आणि पाठ फिरवता फिरवता म्हणाल्या, “डावा कान चोळा. झोपते मग.”

परतीची विदर्भ एक्स्प्रेस. चिमी बडनेऱ्याला रडली, अकोल्याला रडली, भुसावळ आलं तरी रडतच होती. अख्खा डबा जागा. गाणी झाली, पाणी झालं, मी दारापर्यंत फेऱ्या मारल्या. जळगावच्या पुढे कधीतरी बायकोला मावशींचं बोलणं आठवलं. तिने दोन बोटांत ती इवलीशी पाळी धरली. मिनिटभरात डबा शांत. माझं लेकरू झोपायचं कसं हे कुणीतरी अकरा महिने रात्री जागून शोधून ठेवलं होतं, आणि त्या बाईंचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं.

बायको एका खासगी कंपनीत. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात 2017 ला सुधारणा झाली, त्यानंतर दत्तक घेणाऱ्या आईला 12 आठवड्यांची रजा होती, पण बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तरच. आता बघा. सोपवलेलं बाळ असेल तर जन्मदात्रीला विचार बदलायला 60 दिवस असतात. सोडून दिलेलं असेल तर आधी आईवडिलांचा शोध. मग बाल कल्याण समितीचा निर्णय, मग यादी, मग आपण. तीन महिन्यांच्या आत बाळ घरी येणार कसं? एचआरने नियम वाचून दाखवला. बायकोने दोन महिने बिनपगारी काढले. पुढचे चार महिने आईने एकटीने.

लळा लावीन म्हणाली होती, तो तिने लावला. आता रात्री चिमी आजीच्या कुशीत झोपते आणि आजीचाच कान चोळते. आई आधी झोपते.

तर तीन जानेवारी. पाचही ओळी न अडखळता झाल्या. नंतर बाईंनी सहज विचारलं, यशवंतबद्दल कुणाला काही सांगायचंय? चिमीने हात वर केला. “मी पण तशीच. पण मी विदर्भ एक्स्प्रेसने आले.”

वर्ग गप्प झाला असेल, असं मला वाटलं. तसं काही नाही. शेजारच्या बाकावरच्या सावित्रीबाई म्हणाल्या, “आम्ही कोकणकन्याने येतो. त्यात वडा मिळतो.” मग विदर्भमध्ये काय मिळतं यावर तास संपेपर्यंत भांडण.