बंदरावरचा बर्फ
आज सकाळी मिरकरवाडा बंदरावर पेटीत बर्फ भरून घेण्यासाठी थांबलो असताना भाच्याने मोबाईलवर वीस वर्षांखालील मुलांच्या जागतिक आइस हॉकी स्पर्धेचा जुना सामना लावला, आणि ज्या बर्फाला आम्ही केवळ सुरमई-बांगडा टिकवण्याचे साधन समजतो, त्यावरून मुले वाऱ्यासारखी धावताना मी पाहतच राहिलो. या खेळात चेंडूऐवजी सुमारे १७० ग्रॅमची रबरी चकती असते. ती फार उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवतात, हे ऐकून बर्फवाले काकाही हसले.

सामना ४ जानेवारी १९८७ चा, चेकोस्लोव्हाकियातील. कॅनडा सोव्हिएत संघाविरुद्ध ४-२ ने पुढे असताना दोन्ही संघांत अशी हाणामारी जुंपली की, ती थांबवण्यासाठी सभागृहातील दिवेच मालवण्यात आले. (आमच्याकडे वीज गेली की भांडणाला उलट जोर चढतो.) अंधारातही मारामारी चालूच राहिली; अखेर दोन्ही संघ बाद ठरले, पदक निश्चित असलेला कॅनडा रिकाम्या हाताने परतला आणि सुवर्णपदक फिनलंडला मिळाले. भाचा कॅनडाची बाजू तावातावाने मांडत होता. मला मात्र त्या मुलांच्या कोवळ्या वयाचेच वाईट वाटत राहिले. तोवर आमच्या पेटीतून पाणी पाझरू लागले होते.