द्राक्षबागायतदाराची शेंगेन व्हिसाची फाईल

शेंगेन व्हिसा म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत फिरायला चालणारा एकच व्हिसा. नोकरदाराची त्यासाठीची फाईल दोन दिवसांत उभी राहते. पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, कंपनीचं रजेचं पत्र आणि बँकेचं स्टेटमेंट एवढ्यावर नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्याचं भागतं. निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदाराचं तसं नाही. पैसा असतो, जमीन असते, परत येण्याचं कारण तर नोकरदारापेक्षा पक्कं असतं. पण हे सगळं मराठी कागदांत, सामाईक खात्यांत आणि वर्षातून एकदाच येणाऱ्या रकमेत विखुरलेलं असतं. वकिलातीतला अधिकारी बाग बघायला येत नाही, त्याच्यापुढे फक्त कागद असतात. मुलीकडे जर्मनीला जायचं असो की दहा दिवसांची सहल, शेतकऱ्याची फाईल अडते ती इथेच.

सुरुवात वेळेपासून करा. नियमाप्रमाणे अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, कधी ४५ पर्यंत जातात. शेतकऱ्याने यात आणखी एक हिशेब धरावा. द्राक्षाचे पैसे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जमा होतात. जानेवारीत अर्ज केला तर सहा महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये औषधं, खतं आणि मजुरीचा खर्चच दिसतो, जमा काहीच नाही. म्हणून व्यापाऱ्याचे पैसे खात्यावर आले की एप्रिलअखेर किंवा मेमध्ये अर्ज करावा आणि जुलै-ऑगस्टमध्ये जावं. द्राक्ष काढल्यानंतरची खरड छाटणी उरकलेली असते, फळासाठीच्या गोडी छाटणीला अवकाश असतो. सोबतच्या पत्रात हेही लिहा की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छाटणीसाठी तुम्ही बागेत असणं भाग आहे. परत येण्याचं याहून खरं कारण दुसरं नाही, आणि बहुतेक जण तेच लिहायला विसरतात.

आता स्टेटमेंट. बचत खात्याचं, शेवटच्या सहा महिन्यांचं, प्रत्येक पानावर बँकेचा शिक्का आणि सही असलेलं घ्या. किसान क्रेडिट कार्डाचं खातं हे कर्जखातं आहे, त्यात शिल्लक उणे दिसते. तेवढंच एक स्टेटमेंट लावलं तर फाईल पहिल्याच पानावर पडते. पतसंस्थेतली ठेव जोडायला हरकत नाही, पण मुख्य आधार बँकेच्या बचत खात्याचाच हवा.

सगळ्यात जास्त घात करते ती अचानक आलेली मोठी रक्कम. अर्जाच्या आठवडाभर आधी मेहुण्याकडून पाच लाख खात्यावर घ्यायचे आणि व्हिसा झाला की परत करायचे, ही युक्ती अधिकाऱ्याला नवीन नाही. गंमत अशी की द्राक्षाची खरी रक्कमही कागदावर हुबेहूब तशीच दिसते, एकदम आलेली आणि मोठी. म्हणून प्रत्येक मोठ्या जमेला पुरावा जोडा. द्राक्षासाठी व्यापाऱ्याची किंवा निर्यातदाराची वजन-दरासह पावती, कांद्यासाठी लासलगाव किंवा पिंपळगाव बाजार समितीतली हिशोबपट्टी. स्टेटमेंटमधल्या त्या ओळीवर पेन्सिलीने क्रमांक टाका आणि तोच क्रमांक पावतीवर. हे दहा मिनिटांचं काम, पण ती रक्कम कुठून आली हा प्रश्नच मग उरत नाही.

शेती उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्र भरायचंच नाही असा समज गावोगावी आहे. कर शून्य असला तरी भरावं. त्यात शेती उत्पन्न करमुक्त उत्पन्न म्हणून दाखवता येतं. मात्र ते ५,००० रुपयांच्या वर असेल तर आयटीआर-१ हा विवरणपत्राचा साधा फॉर्म चालत नाही, हे सीएला आधीच सांगा. तीन वर्षांची विवरणपत्रं हाताशी असली तर उत्तम. ती एका रात्रीत तयार होत नाहीत, म्हणून पुढच्या वर्षी जायचा विचार असेल तर सुरुवात यंदाच करा.

सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या नावावरच्या जमिनीचा उतारा) डिजिटल स्वाक्षरीचे काढा. दोन्ही मराठीत असतात, म्हणून इंग्रजी भाषांतर सोबत हवंच. भाषांतरात नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच ठेवायला सांगा. सातबाऱ्यावर ‘दत्तू’, पासपोर्टवर ‘दत्तात्रय’ असेल तर ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. जमिनीचं खातं सामाईक असेल, वडिलांचं नाव वर आणि तुमचं खाली, तर तुमचा हिस्सा पत्रात स्पष्ट लिहा. तुमचं नावच नसेल आणि खर्च वडील करणार असतील, तर त्यांचं खर्चाचं हमीपत्र, त्यांचं स्टेटमेंट आणि नात्याचा पुरावा लागतो.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, यात घोळ फार होतो. स्वित्झर्लंडमध्ये ४ रात्री, फ्रान्समध्ये ३, इटलीत २ असतील, तर विमान पॅरिसला उतरलं तरी अर्ज स्वित्झर्लंडकडे. मुक्काम सारखेच असतील तर जिथून प्रवेश करणार त्या देशाकडे. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करू नये. हॉटेलचं बुकिंग रोजच्या रात्रीचं हवं, मधली एकही रात्र मोकळी नको. विमानाचं पैसे भरलेलं तिकीट मात्र व्हिसा हातात येईपर्यंत काढू नका, आरक्षण पुरतं. एजंटने बनवून दिलेलं खोटं आरक्षण तपासलं गेलं, तर बाकीचे खरे कागदही संशयात येतात.

विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, उपचार आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च देणारा. तारखा पूर्ण मुक्कामाच्या हव्यात. फोटो ३५ × ४५ मिलिमीटर, सहा महिन्यांच्या आतला. पासपोर्टवर दोन कोरी पानं आणि परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिन्यांची मुदत.

फॉर्ममध्ये जन्माच्या वेळचं आडनाव असा रकाना असतो. लग्न झालेल्या बायका तो कोरा ठेवतात किंवा सासरचंच आडनाव पुन्हा लिहितात. तिथे माहेरचं आडनाव लिहायचं.

शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ वर्षांपासून १२ पूर्ण होईपर्यंत ४५, सहाच्या आतल्यांना नाही. अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवा आकार वेगळा, आणि व्हिसा नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही. वकिलातींसाठी अर्ज घेणाऱ्या खासगी कंपन्या असतात; बऱ्याच देशांचे अर्ज व्हीएफएसकडे जातात, स्पेनचे बीएलएसकडे, आणि आपल्याला त्यासाठी मुंबई गाठावी लागते. पंचवटी एक्सप्रेस नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास निघते आणि मुंबईला पोचायला पावणेअकरा होतात, म्हणून वेळ दुपारची घ्या. गाडीने जाणार असाल तर भिवंडीच्या कोंडीसाठी तासभर जास्तीचा धरा.

दहाही बोटांचे ठसे घेतात, बारा वर्षांखालच्या मुलांना सूट आहे. औषधं आणि मातीने शेतकऱ्यांचे ठसे झिजलेले असतात आणि मशीन ते पुन्हा पुन्हा नाकारतं. आठ-दहा दिवस आधीपासून रात्री हातांना खोबरेल किंवा व्हॅसलिन लावा, ठसे द्यायच्या दिवशी मात्र हात स्वच्छ धुऊन कोरडे ठेवा. मेंदी लावू नका.

पासपोर्ट परत आला की स्टिकर तिथेच वाचा. नाव, पासपोर्ट क्रमांक, कितीदा प्रवेश करता येईल, आणि मुख्य म्हणजे दिवस. समजा मुदत २५ दिवसांची छापलेली आहे आणि मुक्कामाचे दिवस १० आहेत. राहता येतं ते १० दिवसच, आणि त्यात पोचल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस दोन्ही मोजतात. म्हणजे १२ तारखेला उतरलात तर २१ तारखेला बाहेर पडायलाच हवं.