शेवटची बस आणि सामन्याचे तिकीट

2023 च्या सुरुवातीला इनेस फिट्झजेराल्ड या 16 वर्षांच्या ब्रिटिश धावपटूने आपल्या देशाच्या अ‍ॅथलेटिक्स संघटनेला पत्र लिहून कळवले, की ऑस्ट्रेलियातील बाथर्स्ट येथे होणाऱ्या जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धेसाठी आपला विचार करू नये. एका शर्यतीसाठी अर्धी पृथ्वी विमानाने ओलांडणे तिच्या मनाला पटत नव्हते. त्याच्या थोडेच आधी, डिसेंबर 2022 मध्ये, इटलीतील तुरीनला झालेल्या युरोपीय स्पर्धेसाठी ती विमान टाळून बसने आणि रेल्वेने गेली होती. या पत्राची पुष्कळ चर्चा झाली आणि ती रास्तच होती; पण चर्चेचा भर तिने काय सोडले यावरच राहिला. तुरीनपर्यंत पोहोचवणारी बस आणि रेल्वे होती म्हणून तिचा निर्धार तडीस गेला, ही बाजू मागे पडली. ज्या गावातून दुपारनंतर एकही बस सुटत नाही, तिथल्या खेळाडूपुढे किंवा प्रेक्षकापुढे निवड करण्याजोगे काही नसतेच. म्हणून क्रीडाक्षेत्रातील हवामान चळवळीने ग्रामीण बसचे भाडे आणि वेळापत्रक हा आपलाच प्रश्न मानावा, असे माझे ठाम मत आहे.

ही चळवळ आता नवखी राहिलेली नाही. रग्बीपटू डेव्हिड पोकॉक याने 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातील मॉल्स क्रीक येथील कोळसा खाणीला विरोध करताना स्वतःला तिथल्या यंत्राला बांधून घेतले, त्यापायी अटक पत्करली, आणि पुढे 2022 मध्ये तो सिनेटवर, म्हणजे ऑस्ट्रेलियन संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर, निवडून आला. क्रिकेट कर्णधार पॅट कमिन्स याने त्याच वर्षी सुरू केलेल्या उपक्रमातून क्रिकेट क्लबांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवण्याचे काम हाती घेतले गेले. 2023 मध्ये ‘जस्ट स्टॉप ऑइल’ या ब्रिटिश हवामान आंदोलक गटाच्या कार्यकर्त्यांनी शेफील्डच्या जागतिक स्नूकर स्पर्धेत टेबलावर नारिंगी भुकटी उधळली आणि लॉर्ड्सवरील अ‍ॅशेस कसोटीत मैदानात धाव घेतली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये टेनिसपटू कोको गॉफचा उपांत्य सामना निदर्शकांमुळे बराच वेळ खोळंबला. मला पोकॉकची वाट अधिक पटते, कारण जिथे कोळसा निघतो तिथेच त्याने ठाण मांडले. सामना बंद पाडणाऱ्यांचा हेतू मी नाकारत नाही, पण ज्या प्रेक्षकाला सोबत घ्यायचे त्यालाच त्यांनी समोरच्या बाजूला उभे केले, आणि नेमका तोच प्रेक्षक या प्रश्नाच्या केंद्रस्थानी आहे.

तो केंद्रस्थानी असण्याचे कारण हिशेबात आहे. कतारमधील 2022 च्या फुटबॉल विश्वचषकासाठी फिफाने स्वतः जो अंदाज मांडला, तो सुमारे 36 लाख टन कार्बन डायऑक्साइडचा होता, आणि त्यातला निम्म्याहून थोडा अधिक वाटा प्रवासाचा होता. देशांतर्गत साखळी सामन्यांत विमानांचा वाटा कमी असतो, तरी मैदानावरचे दिवे, हिरवळ आणि खानपान यांच्या तुलनेत हजारो मोटारींचे येणे-जाणे बहुधा जडच भरते. लोकांच्या नजरेत मात्र खेळाडूंचे विमान आधी भरते. सप्टेंबर 2022 मध्ये पॅरिस सेंट जर्मेनचा फुटबॉल संघ नान्त शहराला विमानाने का गेला, अतिवेगवान रेल्वेने का नाही, असे विचारल्यावर प्रशिक्षक क्रिस्तोफ गाल्तिए यांनी शिडाच्या गाडीने प्रवास करण्याचा विचार चालू असल्याची थट्टा केली आणि शेजारी बसलेला किलियन एम्बापे हसू लागला. त्यावर फ्रान्समध्ये उसळलेला संताप योग्यच होता. तरीही, तो संघ रेल्वेने गेला असता तरी बहुसंख्य प्रेक्षकांचा प्रवास होता तसाच राहिला असता.

इंग्लंडमधील फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स या क्लबकडे पाहिले की हा पेच अगदी जवळून दिसतो. काही हजार वस्तीच्या नेल्सवर्थ या छोट्या गावातला हा फुटबॉल क्लब 2010 मध्ये हरित ऊर्जा उद्योजक डेल व्हिन्स यांच्याकडे आला. रासायनिक खतांशिवाय राखलेली हिरवळ, सौर पॅनेल, खेळाडू आणि प्रेक्षक दोघांसाठी संपूर्ण वनस्पतीजन्य आहार, विजेवरच्या मोटारींसाठी चार्जिंगची सोय, अशा एकामागून एक पावलांनंतर 2018 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्याला कार्बन-तटस्थ, म्हणजे जेवढे उत्सर्जन तेवढी भरपाई करणारा, म्हणून मान्यता दिली. क्लबच्या हातात होते ते बहुतेक सगळे त्याने केले, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण मैदान गावावरच्या टेकडीवर आहे. नेल्सवर्थची प्रवासी रेल्वे विसाव्या शतकाच्या मध्यावरच बंद पडली. आता जवळचे स्थानक स्ट्राउडचे, आणि तिथून पुढे बस किंवा मोटार. आहार क्लबने ठरवला, हिरवळ क्लबने राखली, पण आसपासच्या खेड्यांतून सायंकाळी किती बस धावतील, हे कोणताही क्लब एकट्याने ठरवू शकत नाही.

ग्रामीण बसचे वेळापत्रक बहुतेक देशांत शाळा आणि कचेऱ्यांच्या वेळांभोवती बेतलेले असते. सकाळी गाड्या निघतात, दुपारी मुले परततात, संध्याकाळी एखादी शेवटची फेरी होते. रविवारी ती फेरीही नसते. सामने मात्र शनिवारी, रविवारी आणि रात्रीच होतात, म्हणजे जेव्हा लोकांना खेळाकडे जायचे असते नेमके तेव्हाच बस उभ्या असतात. त्यात भाड्याची भर पडते. अंतर लांब आणि प्रवासी थोडे, त्यामुळे प्रति प्रवासी खर्च जास्त. खर्च भागवायला भाडे वाढवले की उरलेलेही मोटारीकडे वळतात, प्रवासी घटले म्हणून फेऱ्या कापल्या जातात, आणि फेऱ्या कापल्या म्हणून आणखी प्रवासी घटतात. चौघांच्या कुटुंबाने चार परतीची तिकिटे काढण्यापेक्षा दारातली मोटार काढणे स्वस्त पडत असेल, तर त्या कुटुंबाला पर्यावरणाची काळजी नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे.

हा अन्याय किती खोल रुजू शकतो, हे फ्रान्सने दाखवले. नोव्हेंबर 2018 मध्ये ‘पिवळ्या जाकिटां’चे आंदोलन पेटले ते इंधनावरील करवाढीवरून, आणि त्याचा जोर मोटारीवाचून ज्यांचे पानही हलत नाही अशा खेड्यांत आणि शहरांबाहेरच्या वस्त्यांत होता. डिसेंबरमध्ये सरकारला ती वाढ मागे घ्यावी लागली. पर्याय न देता किंमत वाढवणे लोक फार काळ सोसत नाहीत.

भाडे कमी केल्याने काय होते, याचेही अनुभव आहेत. जर्मनीने 2022 च्या जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत 9 युरोंत महिनाभर देशभरची स्थानिक आणि प्रादेशिक वाहतूक खुली केली, तेव्हा सुमारे 5 कोटी 20 लाख तिकिटे विकली गेली. मे 2023 पासून त्याची जागा 49 युरोंच्या तिकिटाने घेतली आणि पुढे त्याची किंमत वाढत गेली. इंग्लंडमध्ये जानेवारी 2023 पासून एकेरी बस प्रवासाला 2 पौंडांची कमाल मर्यादा आली, जी 2025 च्या सुरुवातीला 3 पौंडांवर गेली. या मर्यादेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: अंतर कितीही असले तरी भाडे त्यापुढे जात नाही, म्हणून शहरातल्या दोन थांब्यांच्या प्रवाशापेक्षा लांबच्या खेड्यातून येणाऱ्याची बचत जास्त होते. मात्र जिथे बसच येत नाही तिथे 9 युरोंचे तिकीटही कागदाचा तुकडा ठरते, आणि जर्मनीच्या विरळ वस्तीच्या भागांतून हीच तक्रार पुढे आली. भाडे आणि फेऱ्या हे एकत्रच सोडवावे लागतात. सरकारे भाड्याची घोषणा आधी करतात, कारण ती एका वाक्यात करता येते.

खेळाने या बाबतीत उचललेले सर्वात शहाणे पाऊल मला जर्मनीतच दिसते. तिथल्या अनेक फुटबॉल क्लबांच्या सामन्याच्या तिकिटातच त्या दिवसाचा स्थानिक बस-रेल्वे प्रवास धरलेला असतो. क्लब विकलेल्या प्रत्येक तिकिटामागे ठरलेली रक्कम परिवहन मंडळाला देतो, मग तो प्रेक्षक बसने येवो की मोटारीने. खर्च सगळ्यांत विभागला गेल्याने प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच येतो, आणि भाडे आधीच भरलेले असल्यामुळे मोटार घरी ठेवण्याचा मोह होतो. 2024 च्या युरो फुटबॉल स्पर्धेत हीच पद्धत वापरून तिकीटधारकांना 36 तासांचा स्थानिक प्रवास मोफत दिला गेला. त्याच वर्षी पॅरिसने नेमके उलट केले: ऑलिंपिकच्या प्रेक्षकांना प्रवास मोफत देण्याचे मूळ आश्वासन मागे पडले आणि स्पर्धेच्या काळात मेट्रोचे सुटे तिकीट 4 युरो झाले. जर्मन पद्धतीलाही मर्यादा आहेच. परिवहन मंडळाची हद्द संपते तिथे तिकिटाचा अंमलही संपतो, आणि हद्दीबाहेरच्या खेड्यातून येणाऱ्याला त्याच्या प्रवासाचा सर्वात महाग टप्पा स्वतःच्या खिशातून भरावा लागतो.

प्रेक्षकांइतकाच, किंबहुना अधिक, मला सरावाला जाणाऱ्या मुलांचा प्रश्न जिव्हाळ्याचा वाटतो. मैदान तालुक्याच्या गावी, सराव संध्याकाळी, आणि परतीची बस सराव सुरू होण्याआधीच गेलेली. अशा ठिकाणी ज्या घरात मोटार आहे आणि ती चालवायला मोकळा माणूस आहे, त्याच घरातले मूल खेळाडू होते. स्कॉटलंडने जानेवारी 2022 पासून 22 वर्षांखालील सर्वांना बस मोफत केली, हा निर्णय म्हणूनच हवामानाइतकाच खेळाच्याही हिताचा आहे, जरी क्रीडा संघटनांनी त्याकडे तसे क्वचितच पाहिले असले तरी.

डिसेंबर 2018 मध्ये पोलंडमधील कातोवित्से येथील हवामान परिषदेत संयुक्त राष्ट्रांनी क्रीडा संघटनांसाठी एक कृतिआराखडा पुढे आणला. त्यात आता 2030 पर्यंत उत्सर्जन निम्मे आणि 2040 पर्यंत निव्वळ शून्य असे लक्ष्य आहे. त्यावर सह्या करणाऱ्या संघटनांकडे खेळाडूंनी आणि कार्यकर्त्यांनी दोन गोष्टींचा आग्रह धरावा, असे मला वाटते. पहिली, सामन्याच्या तिकिटातल्या प्रवासाची हद्द प्रेक्षक जिथून येतात तिथपर्यंत वाढवावी आणि त्यासाठी लागणाऱ्या जादा फेऱ्यांचा खर्च क्लब आणि शासन यांनी मिळून उचलावा. स्वित्झर्लंडमध्ये किमान 100 रहिवाशांच्या वस्तीपर्यंत सार्वजनिक वाहतूक पोहोचवण्याचा भार संघराज्य आणि कँटन (तिथले प्रांत) मिळून उचलतात, तेव्हा हे अशक्य नाही. दुसरी गोष्ट जवळपास फुकट आहे. सामन्यांची वेळ आज दूरचित्रवाणीच्या सोयीने ठरते आणि कित्येकदा काही आठवडे आधी बदलते. ती निश्चित करण्यापूर्वी त्या मैदानाजवळून शेवटची बस आणि शेवटची रेल्वे किती वाजता सुटते याची परिवहन मंडळाकडून लेखी माहिती घ्यावी, आणि सामना त्यानंतर संपणार असेल तर एक तर वेळ बदलावी, नाही तर परतीच्या फेरीचे पैसे प्रक्षेपण हक्कांच्या रकमेतून द्यावेत, अशी अट करारातच घालता येईल.