सळई आणि डास

स्वीडनच्या उत्तर टोकाच्या आबिस्कोला लोक नॉर्दर्न लाइट्ससाठी जातात, नाहीतर कुंग्सलेडेनची वाट तुडवायला. मी गेले भाचीसाठी, तेही जुलैत, आणि बघून आले एक दलदल! स्टॉकहोमहून रात्रीची गाडी. बर्थ अरुंद आणि बाहेरचा उजेड काही केल्या मावळेना. झोपेचं खोबरं.

भाची तिथे पीएचडी करते. तिची कामाची जागा म्हणजे आबिस्कोपासून दहाएक किलोमीटरवरची स्टोरदालेनची दलदल. आत जायला लाकडी फळ्या टाकल्यात. "मावशी, फळी सोडायची नाही हं. जमीन दाबली गेली की मिथेनचे बुडबुडे सुटतात, आमच्या आकड्यांची वाट लागते." म्हणजे डास चावले तरी उड्या मारायची सोय नाही. जाळीची टोपी, हातमोजे, सगळं चढवलं होतं. मनगटावरची दोन बोटं उघडी जागा त्यांनी बरोब्बर शोधली.

मग तिने हातात लोखंडी सळई दिली. कोरड्या उंचवट्यावर टोचली, तर हातभर गेली आणि टक्क! मला वाटलं दगड. नाही, बारा महिने गोठलेली जमीन. वर मी स्वेटर काढून उभी. थोडं पुढे, कापूसगवताचे पांढरे गोंडे डुलत होते तिथे पुन्हा टोचली. सळई मुठीपर्यंत आत, टक्क नाहीच. खालचं बर्फ वितळलं की उंचवटा खचतो आणि पाणी साचतं. त्या पाण्याखाली हवा नाही, म्हणून जुना पालापाचोळा कुजताना मिथेन निघतो, आणि हे देखणं गवत शहाळ्यातल्या स्ट्रॉसारखं तो वर पोचवतं. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो. फोटो काढायचा माझा उत्साहच गेला.

बाजूला पारदर्शक पेट्या. झाकण आपोआप मिटतं, काही मिनिटांनी उघडतं. तेवढ्यात आतली हवा नळीतून मिथेन मोजणाऱ्या यंत्राकडे. आबिस्कोच्या संशोधन केंद्रात हवामानाच्या नोंदी 1913 पासूनच्या आहेत, या चिकाटीला मानलं. पण उत्तरेकडच्या अशा गोठलेल्या जमिनींत सुमारे 1,500 अब्ज टन कार्बन आहे, वातावरणातल्यापेक्षा दीडपटीहून जास्त, हे भाचीने सँडविच खाताखाता सांगितलं, त्याचा मला रागच आला.

तुम्ही जाणार असाल तर सप्टेंबरात जा, डास नसतात. सळईही तेव्हाच सगळ्यात खोल जाते म्हणे.